निकालाच्या रात्रीचं पार्सल: उरलेलं अन्न किती वेळ चालतं, याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातलं, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहणाऱ्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात सहा माणसं: ७१ वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा आणि सून, सोळा वर्षांचा नातू, सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक आणि तिची चार वर्षांची मुलगी. वय आणि अवस्था मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरच अवलंबून होते.

मे महिना होता. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला आणि नातवाला चांगले गुण मिळाले. संध्याकाळी नातेवाईक आणि शेजारी येणार हे ठरलेलंच होतं. स्वयंपाकात अडकायला नको म्हणून दोन हॉटेलांतून पार्सल मागवलं. जवळच्या चायनीजवाल्याकडून तीन प्लेट व्हेज शेजवान फ्राइड राइस आणि एक हक्का नूडल्स आले, ते रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी. माजिवड्याच्या हॉटेलातून एक किलो चिकन दम बिर्याणी, पनीर बटर मसाल्याचे दोन डबे, आठ तंदुरी रोट्या, रायता आणि कांदा-कोबीचं सॅलड. घोडबंदर रोडच्या कोंडीतून हे दुसरं पार्सल पोचायला जवळजवळ तास लागला. ते आठ पन्नासला हातात आलं.

सव्वानऊला पहिली पंगत बसली. मग जसजसे लोक येत गेले तसतसे डबे उघडे राहिले, चमचे फिरत राहिले. शेवटचे पाहुणे साडेअकराला गेले. तोपर्यंत सगळं जेवण टेबलावरच होतं. हॉलमध्ये एसी चालू होता, त्यामुळे अन्न ‘गारव्यात’ आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

पावणेबाराला काय काय उरलं होतं

साधारण एक किलो फ्राइड राइस, अर्ध्याहून कमी नूडल्स, हंडीच्या तळाशी बिर्याणी, पनीरचा एक अर्धा डबा आणि एक न उघडलेला, तीन रोट्या, वाटीभर रायता, सॅलड. शिवाय पाहुण्यांनी आणलेले पेढ्यांचे चार बॉक्स.

आणि फ्रीज? मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कुठल्याही फ्रीजसारखाच. वरच्या कप्प्यात आमरसाचं मोठं पातेलं, खाली हापूस, दारात पाण्याच्या बाटल्या ठासून भरलेल्या, मागच्या जाळीला टेकून दोन डबे. गार हवा जिथून आत येते ती वाट जवळजवळ बंदच होती.

अडचण नेमकी कुठे होती

शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल तोवर त्यात जिवाणू वाढत नाहीत. ५ अंशांच्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ अगदी मंदावते. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा. ठाण्यात मे महिन्यात रात्री नऊलाही घरात तीस अंशांच्या आसपास तापमान असतं, एसी लावला तर पंचवीस-सव्वीस. जिवाणूंच्या दृष्टीने दोन्ही चांगलेच. एसीमुळे माणसांना बरं वाटतं, भाताला त्याचा काही उपयोग होत नाही.

सर्वसाधारण नियम असा: शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि आजूबाजूचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बाहेर गेलेला वेळ एकत्र मोजायचा. अर्धा तास बाहेर, मग फ्रीजमध्ये, पुन्हा तासभर बाहेर, तर तो दीड तास झाला. फ्रीजमध्ये ठेवल्याने घड्याळ थांबतं, शून्यावर येत नाही.

पार्सलच्या बाबतीत बहुतेक घरं इथेच चुकतात, कारण घड्याळ डबा उघडल्यापासून मोजतात. ते सुरू झालेलं असतं पदार्थ आचेवरून उतरल्यापासून. माजिवड्याहून तासभर प्रवास करून आलेल्या पनीरचा तास रस्त्यातच गेला होता. डबा घट्ट बांधलेला आणि गरम असेल तर त्यातला काही वेळ तो ६० अंशांच्या वर राहिलाही असेल, पण हाताला नुसता कोमट लागत असेल तर ती सवलत संपली असं धरावं. म्हणून न उघडलेला पनीरचा डबा उघडलेल्यापेक्षा सुरक्षित, हेही खरं नव्हतं. त्याला चमचा लागला नव्हता, एवढाच त्याचा फायदा.

फ्राइड राइसचं गणित तर आणखी वेगळं. दाणा सुटा राहावा म्हणून चायनीजच्या गाड्या आणि हॉटेलं भात आधीच उकडतात, पसरून ठेवतात आणि ऑर्डर आली की कढईत परततात. हा भात दुपारचा असतो. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी हॉटेलात फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की भात चारच्या सुमारास उकडला होता. म्हणजे आठ दहाला तो दारात आला तेव्हाच त्याचं वय चार तास होतं, आणि पावणेबाराला पावणेआठ.

भाताचंच एवढं का, तर बॅसिलस सीरिअस नावाच्या जिवाणूमुळे. हा मातीतला जिवाणू. कोरड्या तांदळात तो बीजाणूच्या रूपात असतो आणि हे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यांचे काही प्रकार भातातच सेरिउलाइड नावाचं विष तयार करतात. सेरिउलाइड १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही टिकतं. आपल्या प्रेशर कुकरमधलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंतच जातं. तेव्हा भात कढईत कितीही कडकडीत परतला, कुकरला लावला, मायक्रोवेव्हमधून वाफाळता काढला, तरी जिवाणू मरतील. विष तिथेच राहील. या विषाला वास नसतो, चव नसते, भात चिकटही होत नाही. फ्राइड राइस खाऊन उलट्या होण्याचे असे प्रकार ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकापासून नोंदले गेले आहेत आणि त्यांचं कारण हेच होतं: आधी उकडून बाहेर ठेवलेला भात.

रात्रीचा निर्णय

सुनेच्या मनात शंका आली होती. ती म्हणाली, "आई, हा राइस आठपासून बाहेर आहे. टाकून देऊया." आजी म्हणाल्या, "अगं, चार तासांत काय होतंय? रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकून खातच आलो आपण. नीट गरम केला की झालं. अन्न असं टाकू नये."

आजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फोडणीचा भात पिढ्यान् पिढ्या खाल्ला गेला आहे आणि बहुतेक वेळा काही झालं नाही, हे खरंच. त्याला कारणं आहेत. घरचा भात आठला शिजायचा, नऊला संपायचा, उरायचा तो वाटीभर. शिवाय प्रत्येक तांदळातला जिवाणू विष तयार करणारा असतोच असं नाही. आणि सकाळी अकराला एखाद्याला दोन उलट्या झाल्याच, तर ‘पित्त झालं’ म्हणून विषय मिटायचा. त्याचा संबंध आठच्या भाताशी कुणी जोडायचं नाही. वाटीभर घरच्या भाताचा अनुभव किलोभर पार्सलच्या भाताला लावला, तिथे हिशोब चुकला.

त्या वेळी समोर तीन मार्ग होते. सगळं टाकून देणं, म्हणजे रोट्या आणि पेढ्यांसारखे बिनधोक पदार्थही वाया. सगळं फ्रीजमध्ये ढकलून सकाळी गरम करणं, हा सर्वांत सोपा, कारण त्यात कुणाशी वाद नव्हता. आणि तिसरा, पदार्थ एकेक करून निवडणं: राइस, नूडल्स, सॅलड आणि रायता टाकायचे, बिर्याणी आणि पनीरचा वेळ मोजायचा, रोट्या आणि पेढे ठेवायचे. तिसरा मार्गच योग्य होता. अंमलात आला दुसरा. फक्त सॅलड टाकलं गेलं. दिवसभर माणसं थकली होती आणि रात्री बाराला सासू-सुनेत भातावरून बोलाचाली नको, असं मुलाला वाटलं. घराघरांत हा निर्णय असाच होतो.

ठेवण्याच्या पद्धतीनेही घोळ वाढवला. राइस एका खोलगट टोपात दाबून भरला, चार बोटं उंच थर, वर घट्ट झाकण. बिर्याणी हंडीतच राहिली. खोल भांड्यातल्या अन्नाचा मध्यभाग गार व्हायला कित्येक तास लागतात, आणि फ्रीजच भरलेला असेल तर आणखी जास्त. चिकन आणि ग्रेव्हीत यातून दुसरा धोका उभा राहतो. क्लोस्ट्रिडिअम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणूही शिजवताना टिकतात, आणि ४३ ते ४७ अंशांच्या कोमटपणात तो फार झपाट्याने वाढतो. मोठ्या हंडीतलं मटण-चिकन आणि पंगतीचं जेवण यांतून होणाऱ्या पोटदुखी-जुलाबाचं हे एक नेहमीचं कारण. ‘गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये’ या समजुतीने लोक हंडी ओट्यावर निवत ठेवतात आणि नेमकी त्याच तापमानात तासन् तास राहू देतात. उथळ, दोन इंचांहून कमी थराच्या डब्यात काढलेलं अन्न वाफ गेली की सरळ फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नसते.

सकाळ

सव्वाआठला मुलाने ऑफिसला निघण्याआधी तो राइस तेलावर परतला. वाफाळता होता. त्याने एक भरलेली प्लेट खाल्ली, नातवाने चार-पाच घास, आणि नणंदेने चव म्हणून दोन चमचे. छोटीसाठी वाटी भरली जात असताना सुनेने ती काढून घेतली. "वन्सं, तुम्ही पण नका खाऊ, तुमच्यासाठी पोहे करते," असं म्हणून तिने नणंदेची प्लेटही उचलली. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तो हाच. तिच्याकडे पुरावा नव्हता. पण लहान मूल, गरोदर बाई आणि वयस्कर माणूस यांच्या ताटात शंकेचा पदार्थ वाढायचा नाही, एवढं तिने धरून ठेवलं.

दहा चाळीसला मुलाला मळमळून उलट्या सुरू झाल्या. तो ऑफिसच्या वाटेवरून परत आला. साडेअकराला नातवालाही एक उलटी झाली. ताप नाही, जुलाब नाहीत.

खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होणं ही अन्नात आधीच तयार असलेल्या विषाची खूण आहे. जिवाणू पोटात जाऊन वाढायचे असतील तर जास्त वेळ लागतो: परफ्रिंजन्सला सहा ते चोवीस तास, साल्मोनेलाला सहा तासांपासून काही दिवस. इथे अडीच ते सव्वातीन तास लागले, ज्याने जास्त खाल्लं त्याला आधी आणि जास्त त्रास झाला, आणि ज्यांनी सकाळी राइस खाल्ला नाही त्यांना काहीच झालं नाही. रात्रीच्या जेवणात तर सगळेच होते. बोट राइसकडेच जात होतं. प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, त्यामुळे बॅसिलस सीरिअस हा अंदाजच. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणूही असंच करतो. तो माणसांच्या हातांवर, नाकात असतो, दहा जणांचे चमचे फिरलेल्या डब्यात सहज पोचतो, आणि त्याचंही विष उष्णतेला दाद देत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी घरात करायचं काम तेच.

उलट्या सुरू झाल्यावर काय केलं, काय टाळलं

मुलाची पहिली प्रतिक्रिया नेहमीचीच होती: मागच्या वेळच्या गोळ्यांच्या पाकिटातली अँटिबायोटिक घ्यावी. ती घेतली नाही, हे बरं झालं. विषावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. उलटी थांबवण्याची गोळीही फोनवर डॉक्टरांना विचारूनच घेतली.

खरं काम पाण्याचं असतं. ओआरएसचं पाकीट किती पाण्यासाठी आहे ते त्यावर वाचायचं. मोठं पाकीट साधारणपणे पूर्ण एक लिटरचं असतं, आणि ते अर्धं-अर्धं करून ग्लासात अंदाजाने घालणं ही सर्रास होणारी चूक आहे. घट्ट झालेलं मिश्रण त्रास वाढवतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात मिळणारं टेट्रापॅकमधलं गोड पेय हा त्याला पर्याय नाही. उलटीनंतर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने सुरुवात केली. नातवाने तहानेने पहिलाच ग्लास घटाघटा प्यायला तेव्हा तो लगेच बाहेर आला. नंतर दर दोन-तीन मिनिटांनी दोन चमचे दिले, ते टिकले.

जास्त नाजूक प्रश्न नणंदेचा होता. तिला काहीच त्रास नव्हता. वाट बघायची की डॉक्टरांना कळवायचं? आजींचं म्हणणं, "दोनच तर चमचे खाल्लेत, उगाच तिला घाबरवू नका." सुनेने तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला. डॉक्टरांनी यायला सांगितलं नाही. भरपूर पाणी, ताप-जुलाब-उलटी आणि बाळाची हालचाल यांवर लक्ष, आणि त्यातलं काही बदललं तर लगेच कळवणं, एवढंच सांगितलं. आमच्या मते हा फोन करणं योग्यच होतं. फोनला पाच मिनिटं लागतात, आणि गरोदरपणात अंगातलं पाणी कमी झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी सांगून ठेवलेलं केव्हाही बरं.

थांबू नये अशी लक्षणं घरच्यांनी कागदावर लिहून ठेवली होती: पाण्याचा घोटही न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, उलटी किंवा शौचात रक्त, जोराचा ताप, ग्लानी, डोळ्यांत पिवळेपणा. शेवटचं लक्षण उगाच घातलेलं नाही. सेरिउलाइड क्वचित यकृतावर जातं. २००८ मध्ये ब्रसेल्समध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेला वीस वर्षांचा विद्यार्थी त्यातूनच दगावला. असं अगदी दुर्मीळ आहे. बहुतेकांना चोवीस तासांच्या आत बरं वाटतं. पण ‘शिळं खाऊन फार तर पोट बिघडेल’ हे गृहीत धरायला नको, म्हणून सांगितलं.

फ्रीजमधल्या बाकीच्या अन्नाचं काय

अकराच्या सुमारास मजल्यावरच्या एका शेजारीण बाई आल्या. त्या घरून डब्यांचा व्यवसाय करतात आणि त्यांच्याकडे सुईचा थर्मामीटर आहे. त्यांनी रात्रभर मधल्या कप्प्यात असलेल्या पाण्याच्या बाटलीचं तापमान मोजलं: ९ अंश. असायला हवं ४ किंवा त्याहून कमी. फ्रीज बिघडलेला नव्हता. नॉब हिवाळ्यातल्याच आकड्यावर होता, हवेची वाट आमरसाच्या पातेल्याने अडवली होती आणि दार दिवसभर उघडझाप होत होतं.

या एका आकड्याने बिर्याणी आणि पनीरचा निकाल लागला. पनीर रात्री बाहेर चार तासांच्या आसपास होतं, मग नऊ अंशांवर. टाकलं, न उघडलेल्या डब्यासकट. बिर्याणीत चिकनही आणि भातही. तीही टाकली. नूडल्स आणि रायता गेले. दही आंबट असल्याने रायता भातापेक्षा कमी धोक्याचा, पण त्यात चिरलेला कांदा-काकडी आणि दहा जणांचे चमचे होते. आजींना वाईट वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. त्यांनी बिर्याणी वॉचमनला द्यावी असं सुचवलं. सुनेने नाही म्हटलं: जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं नाही. इथे कुणीही तिची बाजू घ्यावी. पाहुणे जायच्या आधी, रात्री साडेनऊला कुणाला डबा भरून दिला असता तर ते दान झालं असतं.

रोट्या तेवढ्या ठेवल्या. तंदुरी रोटीत ओलावा कमी असतो, दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून बाहेर राहिली तरी चालते. पावसाळ्यात बुरशी बघून घ्यावी. पेढ्यांतली साखर बरीच मदत करते, फ्रीजमध्ये ते काही दिवस राहतात. मलईचे मऊ पेढे मात्र आधी संपवावेत.

एवढ्यात सव्वाअकराला देखभालीसाठी वीज गेली. आता आमरस, दूध आणि फ्रीजरमधले मासे यांचं काय? इथे निर्णय सोपा आणि बरोबर झाला: दार उघडायचं नाही. बंद फ्रीज चार तास थंडी बऱ्यापैकी धरून ठेवतो, भरलेला फ्रीजर अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला चोवीस. वीज पावणेदोनला आली. फ्रीजरमधले मासे टणक होते, ते ठेवले. दूध उकळून लगेच वापरलं. आमरस आदल्या दुपारचा होता, आंबट असल्याने त्याला थोडी सवलत असते. मोठ्यांनी तो त्याच दुपारी संपवला, छोटीला आणि नणंदेला दिला नाही. हा निर्णय वादाचा आहे. नऊ अंशांचा फ्रीज आणि त्यावर अडीच तास वीज नाही, हे पाहता आम्ही दूध घातलेला आमरस टाकला असता. नुसत्या रसाला हरकत घेतली नसती.

परिणाम

मुलाला दुपारी तीनपर्यंत पाच उलट्या झाल्या, मग थांबल्या. संध्याकाळी त्याने मऊ भात खाल्ला, ताजा. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. नातू दोन उलट्यांनंतर चारलाच खेळायला निघाला. नणंदेला काही झालं नाही. छोटी आणि आजींनी राइस खाल्लाच नव्हता.

फ्रीजचा नॉब वाढवला, हवेची वाट मोकळी केली, आंबे बाहेर टोपलीत गेले. बाजारात काही शे रुपयांत फ्रीजचा थर्मामीटर मिळतो, तो आणून पाण्याच्या ग्लासात मधल्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ४ अंश.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत फायद्याचा बदल रात्री पावणेबाराचा नसून सव्वानऊचा आहे. पंगत बसण्याआधी लागेल तेवढंच टेबलावर काढायचं. दुसरा पनीरचा डबा आणि अर्धी बिर्याणी तेव्हाच उथळ स्टीलच्या डब्यांत काढून फ्रीजमध्ये गेली असती, तर दोन्ही दुसऱ्या दिवशी निर्धास्त खाता आली असती आणि आजींना काही टाकावंही लागलं नसतं. अन्न वाया जाऊ नये असं ज्याला वाटतं, त्याने गरम-गरम असतानाच उरणारं वेगळं काढावं. उरल्यावर वाचवायला गेलं की उशीर झालेला असतो.

फ्राइड राइस आणि नूडल्सच्या बाबतीत आम्ही कडक आहोत: पार्सलचा राइस त्याच जेवणात संपवावा, पुढच्या जेवणासाठी मागवूच नये. भात आधी किती वेळ बाहेर होता ते ग्राहकाला कळायचा मार्ग नसतो. घरी ताजा केलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये गेला असेल तर चोवीस तासांत, एकदाच गरम करून खावा. बिर्याणीलाही भाताचाच नियम लावावा. ग्रेव्ही, पनीर, चिकनची भाजी वेळेत फ्रीजमध्ये गेली असेल तर ४ अंशांवर तीन ते चार दिवस टिकते असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. आपल्याकडचे फ्रीज, उन्हाळा आणि विजेचा भरवसा बघता आम्ही दोन दिवस धरतो. गरम करताना मध्यभागी ७४ अंश व्हायला हवेत. थर्मामीटर नसेल तर ग्रेव्हीला सगळीकडून उकळी, आणि मायक्रोवेव्हमध्ये मधे एकदा ढवळणं. जेवढं खायचं तेवढंच गरम करावं. पूर्ण डबा गरम करून उरलेला परत फ्रीजमध्ये, हे टाळावं.

डब्यावर वेळ लिहिणंही सोपं आहे. रंगीत चिकटपट्टी आणि पेन फ्रीजच्या दारावर ठेवलं की काम झालं. पार्सलच्या बिलावर ऑर्डरची वेळ असते. बिल फाडून डब्याखाली ठेवलं तरी चालेल. अॅल्युमिनिअम फॉइलच्या डब्यात टोमॅटोची किंवा दह्याची ग्रेव्ही रात्रभर ठेवू नये आणि तो डबा मायक्रोवेव्हमध्ये तर घालूच नये.

हॉटेलविरुद्ध तक्रार करायची का

मुलाला राग आला होता आणि त्याला चायनीजवाल्याची तक्रार करायची होती. यावर घरात तासभर बोलणं झालं. एका बाजूला, दुपारी चारला उकडलेला भात तापमान न सांभाळता रात्रीपर्यंत ठेवणं ही हॉटेलचीच चूक. दुसऱ्या बाजूला, आदल्या रात्री ताजा खाल्लेल्या पंधरा-वीस जणांपैकी कुणालाही काही झालं नव्हतं, आणि त्यानंतर तोच राइस घरात साडेतीन तासांहून जास्त टेबलावर आणि रात्रभर नऊ अंशांच्या फ्रीजमध्ये होता. नेमकं विष कुठे तयार झालं हे सिद्ध करणं शक्य नव्हतं. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधल्या कलम ४० नुसार ग्राहक पदार्थ तपासून घेऊ शकतो, पण तसा हेतू त्याने विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायला हवा. घरात उरलेला राइस त्यात बसत नव्हता.

त्यांनी लेखी तक्रार केली नाही. फोन करून काय झालं ते सांगितलं आणि भात कधी उकडता, कसा ठेवता हे विचारलं. मालकाने भात दोन वेळा, कमी प्रमाणात उकडायचं कबूल केलं. तो ते पाळतो की नाही हे तपासायचा मार्ग नाही. आम्हाला हा निर्णय पटतो. पण रात्री ताजं खाल्लेल्यांपैकी दोन वेगळ्या घरांतल्या लोकांना त्रास झाला असता, तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ऑनलाइन सेवेवर तक्रार करायलाच हवी होती. तेव्हा लागतं ते एवढं: बिल, त्यावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक, पार्सल मिळाल्याची वेळ, कुणी काय आणि किती वाजता खाल्लं, पहिलं लक्षण किती वाजता आलं, आणि डॉक्टरांचा कागद. आजारी माणसाला धीर देताना या वेळा सगळ्यात आधी विसरल्या जातात. या घरात सुनेने पहिल्या उलटीबरोबरच त्या मोबाइलवर टिपून ठेवल्या होत्या, म्हणूनच वरच्या सगळ्या वेळा इथे मिनिटापर्यंत सांगता आल्या.